वाढीव अधिकार

३ जून, दुपारी
विहीर योजनेचा जिल्हा लोकपाल म्हणून रुजू होऊन दोन महिने झाले. आज पहिली तक्रारदार आली. सुलाबाई, पेठ तालुक्यातली. गावातल्या फलकावर लिहिलंय की तिच्या शेतात विहीर झाली. शेतात विहीर नाही. काम झाल्याची सही कोणी केली, ते कागद तिला आधी बघायचेत. समजावलं, तक्रार ऐकणं माझ्या अधिकारात येतं, कागद दाखवणं येत नाही. मंग तुमी काय करता सायेब, असं म्हणाली. प्रश्न मूलभूत आहे.
संकल्प: शासकीय माहितीवर देखरेखीचे अधिकारही लोकपालाकडे आलेच पाहिजेत. प्रस्ताव आठवड्याच्या आत मंत्रालयात.

५ जून
प्रस्तावाचं शीर्षक ठरलं. ‘व्याप्ती’ की ‘कक्षा’, यात सकाळ गेली. कक्षा. दुपारी दमलो.

१८ जून
सुलाबाई परत आली, पहाटेच्या एसटीनं. प्रस्ताव अकरा पानांवर गेलाय, त्यातली तीन तिला वाचून दाखवली. एकदाही मध्ये बोलली नाही. म्हणजे जनाधार आहे. शेवटी विचारलं, विहिरीचं काय. म्हटलं, ते नवव्या पानावर.

१० जुलै
प्रस्ताव रवाना. क्लार्क दिनेश म्हणाला, सर, आत्ताच्या नियमातही चौकशीसाठी फाइल मागवता येते, सुलाबाईंसमोर उघडली की झालं. मुलगा हुशार आहे, पण पॉलिसी कळत नाही. आहे त्या अधिकारात काम भागलं तर वाढीव कोण देईल? चहा पाजला.

१४ ऑगस्ट
कॉलेज रोडच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान, ‘माहिती आणि लोकपाल’. गर्दी उत्तम. निम्मे लोक नंतरच्या मधुमेह शिबिरासाठी उपाशीपोटी आले होते, पण तेही थांबले. प्रश्नोत्तरांत एकच प्रश्न आला: अजून किती वेळ चालेल.

९ सप्टेंबर
सुलाबाई जूननंतर फिरकलीच नाही. लोकांमध्ये चिकाटी नाही.

संध्याकाळी
दिनेशकडून कळलं. तिची सून स्नेहल हिनं माहितीच्या अधिकारात साधा अर्ज टाकला. कागद मिळाले. विहिरीच्या फोटोत मागे ऊस उभा आहे, आणि त्यांच्या गावात ऊस होतच नाही. वर तक्रार गेली, चौकशी लागली, पाऊस उघडला की खोदाई सुरू. मला परस्पर वगळलं याचं वाईट वाटलं. अशानं संस्था उभ्या राहत नाहीत.

२७ ऑक्टोबर
मंत्रालयाचं पत्र. प्रस्ताव विचाराधीन. फक्त एक तपशील हवाय: सध्याच्या अधिकारात किती तक्रारी निकाली काढल्या? दिनेशनं शून्य भरलं होतं. मी खोडून ‘प्रक्रियेत’ लिहिलं. आता अडचण नाही.

१ डिसेंबर
नेमणुकीला मुदतवाढ मिळणारच म्हणून डबा घेऊन गेलो. खोलीला वेगळं कुलूप. दिनेश म्हणाला, सर, मुदत काल संपली. डबा त्याच्या टेबलावर खाल्ला. तिथूनच मंत्रालयात फोन लावला, प्रस्तावाचं काय झालं म्हणून. फोनवर माहिती देता येत नाही, अर्ज करा, म्हणाले.

२० जानेवारी, पेठ
क्षेत्रभेट. माहितीच्या अधिकारातला माझा अर्ज दोनदा परत आला. दीडशे शब्दांच्या आत लागतो म्हणे. माझी पार्श्वभूमीच त्याहून मोठी आहे. दिनेशनं सुचवलं, पेठला बाजाराच्या दिवशी स्नेहल लोकांना अर्ज लिहून देते.

एसटी स्टँडजवळ चांगलीच रांग होती. सुलाबाई माणसांना ओळीत बसवत होती. मला ओळखलं. विहिरीला पाणी लागलं, लय गोड हाय, म्हणाली. अभिनंदन केलं आणि पुढे सरकलो, तर म्हणाली, सायेब, मागं बसा.

पाऊण तासानं नंबर लागला. स्नेहलनं विचारलं, काका, नेमकं काय हवंय? मी लोकशाहीत लोकपालाचं स्थान इथपासून सुरुवात केली. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि लिहिलं: ‘माझ्या प्रस्तावावर झालेल्या निर्णयाची प्रत मिळावी.’ मी सही केली. पुष्कळ शब्द शिल्लक होते. म्हटलं, थोडी भूमिका जोडू या का. ती म्हणाली, नको काका, थोडक्यात लिहिलं की उत्तर येतं.

आणखी काही सुचवणार होतो, पण सुलाबाईनं उठायला सांगितलं. मागं माणसं होती.