मानाच्या जागी सून

प्रिय बुरुल,

इकडे पॉपलरना कोवळी पानं फुटली आहेत. शाळेवरून जाताना खिडकीतून पोरांचा एकसुरात कविता म्हणण्याचा आवाज येतो आणि माझे पाय आपोआप थांबतात. परवा असाच उभा होतो, तर शेजारच्या तोक्तोसुनने गाठलं. "काय मास्तर, सून विद्यापीठातून बाहेर पडली म्हणे! आता म्हाताऱ्यांच्या चहाड्या ऐकायचे पैसे घेते?" मी म्हटलं, "घेते बाबा. तू फुकट ऐकतोस, एवढाच फरक."

मग तिथेच कुंपणाला टेकून त्याला सगळी हकिगत ऐकवली. प्रसूतिगृहातून बायका दुसऱ्याच दिवशी घरी जात आणि काहींना रक्तस्राव होऊन परत आणावं लागे. डॉक्टरीणबाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी तुला बोलावलं. तू आत गेलीच नाहीस. फाटकाबाहेरच्या बाकावर सासवांमध्ये जाऊन बसलीस आणि नुसती ऐकत राहिलीस. बाळंतिणीसाठी मेंढी कापायची आणि चुलीवरून उतरलेला गरम रस्सा तिला पाजायचा, हे आपल्याकडे कोण चुकवेल? पण आत भांडं न्यायला बंदी. रस्सा सुनेकडे जाईना, म्हणून सासवा सुनेलाच रश्श्याकडे नेत होत्या! तू प्रसूतिगृहाच्या अंगणात एक चूल मागून घेतलीस, सुना तिथेच येऊन गरम रस्सा पितात. आता बायका राहतात. तोक्तोसुन डोकं खाजवत म्हणाला, "एवढंच?" एवढंच रे! कवितेतली चांगली ओळसुद्धा सापडल्यावर एवढीशीच वाटते. वर्गात मी पोरांना सांगायचो, आधी ऐका, अर्थाच्या मागे लगेच धावू नका. माझ्या वर्गात न बसताही तू ते शिकलीस.

पण मला खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा आहे. काम देणाऱ्या संस्थेने घरी निघून गेलेल्या बायकांची नावं मागितली, पण विश्वासाने सांगितलेलं म्हणून तू दिली नाहीस. त्यानंतर तू इथे आलीस, पीठ मळता मळता सासूला, आपल्या उमसुनायला, म्हणालीस, "अपा, विद्यापीठात असते तर विचारायला शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं. इथे माझं बरोबर की चूक, कुणाला विचारू?" मी पलीकडच्या खोलीत होतो. ऐकू आलं.

रडत बसली नाहीस तू. माणसं शोधलीस. एक खाणवाल्यांकडे, एक बँकेत, एक रस्ते बांधणाऱ्यांकडे. सगळे तुझ्यासारखेच मानववंशशास्त्र शिकलेले आणि विद्यापीठाबाहेर एकएकटे पडलेले. रविवारी सगळ्यांनी एकत्र बसायचं, एकमेकांच्या अडचणी ऐकायच्या आणि कुणावर दबाव आला तर बाकीच्यांनी पाठीशी उभं राहायचं, हे तू ठरवलंस. फुकट जागा कुणी देईना, तेव्हा मी म्हटलं, आमची मोठी खोली कशाला आहे? गालिचे झटकून झाले. उमसुनायने मुरंब्याच्या बरण्यासुद्धा काढून ठेवल्या आहेत.

आणि काल कुबानचा फोन. मुलगाच तो माझा, पोटात काही राहत नाही. म्हणाला, "अता, बुरुल बैठक रद्द करते आहे. म्हणते, घरात सासरे असताना सुनेने दारासमोरच्या मानाच्या जागी बसून बोलायचं कसं? आणि पाहुण्यांना चहा कोण ओतणार?" हे तुझ्या तोंडून मला कधीच ऐकायला मिळालं नसतं, माझ्यासमोर तू मान वर करत नाहीस. म्हणून हे पत्र. पोरी, रद्द काही करायचं नाही. त्या जागेवर तू बसायचंस आणि चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारपाशी मी. उमसुनाय पोट धरधरून हसली. "अहो, त्याचा नळ कुठल्या बाजूला फिरतो ते तरी ठाऊक आहे का?" दोनदा बोटं भाजून घेतली, आता ठाऊक आहे. प्याला अर्धाच भरायचा, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा देता येतो, हेही तिने शिकवलं. तुझा रिकामा झाला की माझ्याकडे सरकव. बोलणं मात्र थांबवू नकोस.

तुझाच,
अता