नानांच्या पोपटावर दुसरा हात

मंगळवार, दिवेलागण

आज मेहरूणच्या रस्त्यावरची भिंत पांढरी केली. पालिकेला शहर सजवायचंय म्हणे. मला दिलेल्या कागदावर केळीचा घड, भरिताचं वांगं, तलाव आणि वर मोठ्या अक्षरांत ‘आपला वारसा’. पण त्याच भिंतीवर नानांचा पोपट होता. ज्यांच्या हाताखाली मी ब्रश धरायला शिकलो, ते नाना. त्यांनी भिंतीवर रंगवलेली जाहिरात चहाची असो की बियाण्याची, कोपऱ्यात हिरवा पोपट असायचाच. नाव कधी लिहिलं नाही, पोपट हीच सही. जळगावात तेवढा एकच उरला होता. वारसा रंगवायचा म्हणून मीच त्याच्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारला.

मी नाही तर दुसऱ्यानं मारलाच असता, असं दिवसभर स्वतःला सांगतोय. पटत नाही.

पाच वाजता बघतो तर पांढऱ्यातून हिरवं शेपूट डोकावतंय. काय वाटलं कुणास ठाऊक, तसाच नानांकडे गेलो. वाटलं, शिव्या घालतील, म्हणतील राहू दे. शिव्याच हव्या होत्या मला.

“नाना, भिंत पांढरी केली. पण तुमचा पोपट परत दिसतोय.”

खाटेवर पडल्यापडल्याच त्यांनी विचारलं, “किती हात मारात?”

“एक.”

“एक हातमा काम व्हत नही. हिरवा रंग वर येस. दुसरा मार.”

आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

उद्या दुसरा हात मारीन. त्यांनी शिकवलाय तसाच, एकसारखा.