राजाचं पुढं काय झालं

मंगळवार, संध्याकाळ

इतिहास घेऊन बी.ए. पास झाले. घरात पेढे वाटून झाले, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतंय.

कारखान्यात वजनकाट्यावरच्या नव्या साहेबांनी अभिनंदन केलं. चांगले आहेत. परीक्षेला रजाही त्यांनी कुरकुर न करता दिली. मग मला नेमकं काय हवंय? जुने साहेब हवे होते, दुसरं काय!

ऐन गाळपात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची, आणि ते म्हणायचे, "सुनीता, जा आत, वाच. वजनं मी घेतो." अट एकच. चहाला बाहेर आलं की वाचलेलं सगळं त्यांना सांगायचं. बाहेर हॉर्न वाजायचे आणि मी काट्याच्या खिडकीत उभी राहून फ्रान्सचा राजा सांगायचे. मला वाटायचं, साहेब माझा अभ्यास तपासतात. माझ्या सांगण्यात पळून चाललेल्या राजाला पकडून पॅरिसला आणलं, आणि त्याच आठवड्यात साहेब रिटायर होऊन ईटला, त्यांच्या गावी गेले.

आज त्यांना फोन केला. लई खूश झाले. मग लाजल्यासारखं म्हणाले, "पोरी, त्या राजाचं पुढं काय झालं गं? तुझं सांगायचंच राहिलं की."

म्हटलं, फोनवर न्हाय साहेब, रविवारी ईटलाच येते, पुस्तक घेऊन.

तेव्हापासून एकच डोक्यात फिरतंय. "जा आत, वाच," असं त्यांना कधी कुणी म्हणालंच नसेल का?