न कापलेलं कापड

१२-३-९६

आई,
मी रावपुऱ्यात कांतीभाई शिंप्याकडे परत जातेय. तू त्यांना म्हणालीस म्हणे, "ब्लाउजना आतून टीप मारा, पण कापड कापू नका. ही परत जाडी होणार, तेव्हा उसवायला लागेल." दुकानात चार बायकांसमोर त्यांनी मला हे हसत हसत सांगितलं.

एकवीस किलो, आई! भूक नसताना शेवेच्या डब्याकडे जाणारा हात दीड वर्ष रोज मागे ओढतेय मी. "होशील परत जाडी" हे माझंच मन मला रोज सकाळी ऐकवतं. निदान तू तरी त्याला सामील व्हायचं नव्हतंस.

वरणभात झाकून ठेवलाय, जेवून घे.

सगळे ब्लाउज समोर उभी राहून कापून घेणार आहे. कापलेलं कापड तुला आणून देते. ठेव जपून.

श्रद्धा