पालथ्या फळीवर कापलेली खिडकी

चाचा, आज इथे आखातात, अम्गऱ्याच्या वर्कशॉपमध्ये एका दवाखान्याच्या काउंटरला खिडकी कापली. रेघेवर टेप चिकटवली, सुरीने वरचा सागवानी पापुद्रा चिरून घेतला, कोपऱ्यांत भोकं पाडताना खाली टाकाऊ फळी आवळून धरली. बारीक दातांचं पातं सावकाश चालवलं. एक ढलपी उडाली नाही. पूर्वी असं काम झालं की मी चार जणांना बोलावून दाखवायचो. आज नुसता गुडघे दाबत बसून राहिलो.

लातूरहून तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मला दारं-चौकटी यायच्या, प्लायवुड नाही. पहिल्याच खिडकीचा काठ मी फाडला आणि तुम्ही ओरडलात, "अरे, जिगसॉचं पातं वर येताना चावतं! दर्शनी बाजू खाली घाल. फुटलं तर मागं फुटू दे." ते पक्कं लक्षात ठेवलं, म्हणूनच घात झाला. फहाहीलच्या औषध काउंटरच्या पाच फळ्या होत्या, लाकडाची रेषा एकीतून दुसरीत गेलेली; एक बिघडली की पाचही बाद. तुम्ही नमाजाला गेला होतात. मी फळी पालथी घातली, नकाशात होतं तसं डावीकडून माप घेतलं आणि कापलं. तुम्ही येता, फळी सुलटी करता, तर खिडकी उजवीकडे. तुम्ही काठावरून बोट फिरवता. "कापलंयस सुंदर," म्हणता.

वर्कशॉपचा साहेब, मुदीर, आला. "किसने काटा?" मी बुटांकडे बघत राहिलो. माझे नव्या नोकरीतले तपासणीचे तीन महिने अजून संपायचे होते. त्याने मला पुढच्याच विमानात बसवलं असतं. "मैंने," तुम्ही म्हणालात. "निशान उल्टा पड़ गया." तुमच्यासारख्या कारागिराला तो घालवणार नव्हता. त्याने तुमची सुट्टी रद्द केली. नव्या फळ्या येतील, पाचही तुम्हीच करायच्या, तोवर गावी जायचं नाही. चार दिवसांनी तुमचं विमान होतं, शुक्रवारी रत्नागिरीला मुलीचा निकाह.

त्या शुक्रवारी तुम्ही प्लायच्या थप्पीवर बसून निकाह ऐकायला फोन कानाला लावलात. मी सगळी यंत्रं बंद करून दाराशी उभा राहिलो. फोन ठेवल्यावर तुम्ही बराच वेळ तोंड धूत होतात. मी म्हटलं, "चाचा, अजून सांगतो त्याला, मीच कापलं म्हणून." तुम्ही चिडलात. "तुझी बायको बाळंत व्हायचीय ना? मग गप बस." मी गप बसलो. चाचा, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तुम्ही हे जग सोडून नऊ वर्षं झाली. आज संध्याकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, मला बोलावत होती. मग म्हणाली, "काका, तुम्ही होतात तिथे, म्हणून विचारते. अब्बांना माझ्या निकाहपेक्षा ते काउंटर मोठं वाटलं का हो?" इतकी वर्षं ती हे मनात घेऊन बसलीय, आणि उत्तर फक्त माझ्यापाशी आहे. तुम्ही नसताना तरी ते द्यायला हवं होतं. मी "हॅलो, हॅलो" केलं. म्हटलं, "बेटा, लाइन खराब आहे, काही कळत नाहीये," आणि फोन ठेवला. तिला लिहायला म्हणून कागद घेतला होता, त्यावर हे तुम्हाला लिहून बसलो.

लाइन चांगली होती, चाचा. मला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.