साठ हजारांची पुडी

३ मार्च, मंगळवार

वहिनीच्या कानाखाली जाळ काढला आज. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांदेखत! तिच्या कानातली रिंग उडून स्ट्रेचरखाली गेली. दुसरी लगावणार तेवढ्यात वॉर्डबॉयने माझे दंड धरले. तळहात अजून चुरचुरतोय. वाईट वाटत नाहीये — हेही लिहून ठेवते.

आई मला ओळखत नाही. "ह्या बाई कोण?" म्हणाली. सकाळपासून उलट्या, आणि तहान अशी की नळाला तोंड लावायला निघाली. रक्तात कॅल्शियम साडेचौदा. दहाच्या आसपास हवं. मूत्रपिंडं थकत चाललीत. डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, "ड जीवनसत्त्वाच्या पुड्या कोण देतं यांना? आणि किती?"

आई-बाबा दादाकडे राहतात. आईचं औषधपाणी वहिनी बघते. मग अजून कुणाला विचारायचं?

४ मार्च

सुट्टी दिली नाही. दिवसभर औषधांच्या कारखान्यात, सरकत्या पट्ट्यापाशी उभी. पुढून खोकी सरकत जातात, मी छपाई तपासते. अक्षर पुसट असेल तर खोका बाहेर. बारा वर्षं हेच. ते आकडे मला माझ्या वाढदिवसासारखे पाठ आहेत — प्रौढ माणसाला ड जीवनसत्त्व रोज सहाशे युनिट. सत्तरीनंतर आठशे. आपल्या मनाने रोज चार हजारांच्या वर कधीच जायचं नाही. आणि ही पुडी एकटी साठ हजारांची! म्हणून आठवड्याला एक, आठ आठवडे, की बंद. कॅल्शियमचंही तसंच. आईच्या वयाला रोज हजार-बाराशे मिलिग्रॅम, जेवणातलं धरून. दोन हजारांच्या वर नाही.

आईने चार महिने रोज एक पुडी घेतली. वर कॅल्शियमच्या चार-चार गोळ्या.

खोकी कुणी आणून दिली? मी. स्टाफच्या दुकानातून. पहिला खोका आईचं मनगट मोडलं तेव्हा. मग आईचा फोन — "अजून एक आण गं, शेजारणीला हवाय." मग तिच्या बहिणीला. मग अजून कुणाला. दर वेळी नेऊन दिला, चहा घेतला, निघाले. अख्ख्या जगासाठी आकडे तपासते मी. घरचे चार खोके मोजता आले नाहीत.

दुपारी हातातला कटर पुठ्ठ्यात मुठीपर्यंत खुपसला. सुपरवायझर म्हणाला, "बाई, पाणी प्या."

५ मार्च

सलाईन चालू. डोळे उघडले. "पाणी," म्हणाली. बस्स.

६ मार्च

वहिनी डबा घेऊन आली. गाल सुजलेला. माझ्याकडे न बघता आईचे पाय चेपत बसली. मला राहवेना. विचारलं, "रोज का दिल्यास पुड्या?"

"मी एकही दिली नाही, ताई. आईच घेतात. कपाटात, कपड्यांच्या घड्यांत लपवून ठेवतात."

"तुला दिसत होतं आणि तू गप्प बसलीस?"

तेव्हा मान वर केली तिने. "तुम्ही विचारलंत कधी, आई बाथरूममध्ये इतक्यांदा कशा पडतात?"

मनगट. मग बरगडी. मग दोन बोटं. हाडं ठिसूळ झालीत, वय झालं — आम्ही सगळे हेच म्हणत होतो.

आम्ही लहान असताना बाबांचा हात चालायचा. दादाच्या पाठीवर बकलाचा वळ आहे. मला भिंतीवर फेकलं होतं एकदा, कान तीन दिवस वाजत होता. पण आता म्हातारे झाले, निवले, असं मी धरून चालले होते. धरून चालणं किती सोयीचं असतं!

"आणि दादा?" मी विचारलं.

"ते टीव्हीचा आवाज वाढवतात."

वहिनीची माफी मागायला हवी होती. मागितली नाही.

७ मार्च

आईने नावाने हाक मारली! कॅल्शियम बारावर आलंय. मी उशी नीट केली, केस विंचरले. मग पुड्यांचं विचारलं.

"हाडं लवकर घट्ट व्हावीत म्हणून गं," ती म्हणाली. कपडे वाळत घातले म्हणून सांगावं तसं. "आठवड्याला एक म्हणजे फारच हळू. त्यांचा हात काही आठवड्यातून एकदाच उठत नाही."

फणी माझ्या हातात मोडली. दोन दात तळव्यात घुसले.

८ मार्च, रविवार

दादाकडे गेले. बाबा खुर्चीत बसून मोसंबं सोलत होते. "कशी आहे ती?" म्हणाले. वर बघितलंही नाही.

"तुम्हाला आतल्या खोलीत काही दाखवायचंय," मी म्हटलं. उठले. दारापाशी आल्यावर उजवा हात धरला, चौकटीवर दाबला आणि दार ओढलं, अंगातली सगळी ताकद लावून. काडी मोडल्यासारखा आवाज. ते ओरडलेच नाहीत आधी. नुसतं तोंड उघडं. मग खाली बसले आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडला. दादा धावत आला, त्याच्या नाकावर माझं कोपर बसलं. रक्त त्याच्या शर्टावर, फरशीवर, मोसंब्याच्या सालींवर. टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने काही केलं नाही.

मी दार दुसऱ्यांदा ओढलं.

दुसऱ्यांदा ओढायची गरज नव्हती. हात मोडलाच होता. दुसऱ्यांदा मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

९ मार्च

बाबा दुसऱ्या दवाखान्यात. चार बोटं आणि तळव्याचं हाड. डॉक्टरांना म्हणाले, दारात अडकला. पोलिसांत गेले नाहीत. कुठल्या तोंडाने जातील?

जेवणाच्या सुट्टीत धावत आईकडे. "आई, आता नाही उठणार तो हात," मी सांगितलं. हसेल वाटलं होतं. निदान रडेल.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"दोनदा."

चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "माझ्या जवळ बसू नकोस," म्हणाली.

१० मार्च

कॅल्शियम साडेदहा. उद्या घरी सोडतील. वहिनी म्हणते, माझ्या माहेरी नेते आईला. मी म्हटलं, माझ्याकडे का नको? वहिनीने आईची पिशवी भरायला घेतली. आई खिडकीकडे बघत होती.

११ मार्च

कारखान्यात पोलीस आले होते. आईने काल संध्याकाळी वॉर्डमध्येच त्यांना बोलावून घेतलं आणि तक्रार लिहून दिली. एक नाही, दोन. पहिली बाबांवर. दुसरी माझ्यावर.

हवालदारीणबाई सांगत होत्या, त्यांनी तिला परोपरीने समजावलं — आजी, मुलीचं नाव तरी वगळा, तुमच्यासाठीच केलं ना तिने. तर आई म्हणाली, "लिहा. एकाला चाळीस वर्षं वगळलंच की मी."