बिनधुराची चूल आणि माझी पंचाईत

खलिफा सिटी, अबू धाबी
रविवार दुपार (सगळे झोपलेत, एसी तेवढा जागा आहे)

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (खरं तर बसूनच करते आहे. इथल्या गारठ्याने कंबर धरली आहे, आणि हा गारठा बाहेर नाही, घरातच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता, की बाटली फळीवर ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? नव्या कवळीने चकली फुटते का तेही कळवा, मलाही करून घ्यायची आहे. परड्यातल्या शेवग्याला यंदा शेंगा धरल्या का? इथे शेवग्याची शेंग मिळते, पण ती विमानाने येते आणि माझ्यासारखीच दमलेली दिसते.

तुम्ही म्हणाल, वहिनीला व्हॉट्सअ‍ॅप येतं, व्हिडिओ कॉल येतो, मग हे पाकीट कशाला? तर सुजीतने माझा फोन घरातल्या मोठ्या टॅबला जोडून दिलाय, आईला अक्षरं मोठी दिसावीत म्हणून. त्यामुळे तुमचा मेसेज आला की तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर झळकतो आणि आमची सृष्टी तो मोठ्याने वाचते, अडखळत अडखळत, सगळ्या घराला ऐकू जाईल असा. मागे तुम्ही "सून नीट वागते ना?" असं विचारलं होतंत, ते मला मुग्धानेच वाचून दाखवलं. (वागते. अगदी नीट वागते.) म्हणून हे पत्र तिच्या ऑफिसातली मिहिका पुण्याला निघाली आहे, तिच्या हाती देते. ती पुण्यातून पोस्टात टाकेल.

आता मूळ गोष्ट. मी इथे आले ती तीन महिन्यांसाठी. महिना होतोय न होतोय तोच सुजीतने जेवताना जाहीर केलं की आई आता इथेच राहणार. साताऱ्याचा फ्लॅट भाड्याने द्यायचा. भाडेकरू बघून ठेवलाय, बँकेत आहे, शांत आहे, एप्रिलमध्ये सामान घेऊन येतो. माझा इथला व्हिसा सुजीत करणार. मुग्धा म्हणाली, राहाच आई. सृष्टी म्हणाली, "येस आजी, प्लीज!" सगळं इतकं प्रेमाने की मी नको असताना आणखी भात वाढून घेतला. वन्सं, तुमच्यापाशी सांगते, मला राहायचं नाही. मुलगा गुणाचा, सून मायेची, नात रात्री माझा पदर मुठीत धरून झोपते, हे सगळं कबूल. पण साताऱ्याला माझं स्वतःचं दार आहे. सकाळी ते मी उघडते, दूधवाल्याशी हुज्जत घालते, मनात आलं तर दुपारी एकटीच भेळ करून खाते, आणि रात्री मीच कडी लावते. इथल्या दाराला कडी नाही, आकडे आहेत. ते तीनदा चुकले की दार सुजीतला ऑफिसात कळवतं की तुमच्या घराशी कुणीतरी संशयास्पद इसम उभा आहे.

पण हे पोराच्या तोंडावर कसं सांगायचं? त्याचे बाबा गेल्यापासून तो मला काचेच्या भांड्यासारखं सांभाळतो. म्हणून मी युक्ती केली. म्हणाले, राहीन रे बाबा, पण मला आता या वयात चुलीवरच्या अन्नाशिवाय पचत नाही. (हसू नका. खोकला येईल.) माझं गणित सरळ होतं. आमच्या कंपाउंडच्या फाटकावर मोठी पाटी आहे की अंगणात, बाल्कनीत, गच्चीवर कुठेही धूर करायचा नाही. सिक्युरिटीचा मुश्ताक पेशावरचा, धिप्पाड आणि अतिशय अदबशीर. मी आल्या आल्या तुळशीपुढे चिमूटभर धूप घातला तर हा आग विझवायचं नळकांडं खांद्यावर घेऊन हजर, आणि वर "अम्माजी, माफ करना" म्हणत उदबत्तीकडेसुद्धा संशयाने बघतोय. तेव्हा मला वाटलं, चूल म्हटलं की खलास, विषय संपला.

आणि चुलीशी माझा संबंध काय ते तुम्हाला मी काय सांगायचं! माहेरी स्टोव्ह होता, सासरी आले तर गॅस. तुमच्याकडे वाईला हुरड्याला आले की मी धुराच्या उलट बाजूला खुर्ची मागते, आणि वारा फिरला की खुर्चीही फिरवते.

पण मी एक गोष्ट विसरले की माझा मुलगा इंजिनिअर आहे. त्याच्यापुढे अडचण मांडली की तो आधी आनंदी होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आला तो धूर न करणाऱ्या चुलींचा अभ्यास करूनच. मला समोर बसवून म्हणाला, आई, धूर म्हणजे न जळलेलं लाकूड. खालून हवा दिली की लाकूड पेटतं, आणि वरून पुन्हा गरम हवा दिली की धूरही जळून जातो. ज्या परदेशी शहरांत धुराला बंदी आहे तिथे अशाच चुली वापरतात म्हणे. मी नुसती मान डोलावत होते. माझी सबब याने प्रोजेक्ट करून टाकली.

पहिली चूल बघायला दुबईच्या एका शोरूममध्ये गेलो. काळी कुळकुळीत, बिडाची, पुढे काचेचं दार, जणू आतल्या जाळाला बाहेरचं जग बघायचं होतं. सेल्समन छाती फुगवून सांगत होता की एवढ्याशा लाकडात सबंध हॉल रात्रभर उबदार राहतो. वन्सं, आम्ही उभे होतो तिथे डोक्यावर दोन एसी चालू होते आणि बाहेर गाडीचं हँडल चटका देत होतं. मी विचारलं, तवा कुठे ठेवायचा? त्याने मुग्धाकडे बघितलं. मुग्धाने किंमत विचारली, दिरहमचे रुपये मोठ्याने केले, आणि त्याने काचेचं दार आपणहून लावून घेतलं. मी मनात म्हटलं, सुटले.

दुसरी चूल सुजीतच्या ऑफिसातल्या कुणाची, महिनाभर वापरून बघा म्हणून दिलेली. तिला लाकूड म्हणजे कोंबडीच्या खाद्यासारखे भुशाचे दाणे लागतात. पोटात पंखा, अंगावर बटणं, विजेची वायर. पंखा सुरू झाला की मिक्सरमध्ये कुणीतरी खोबरं वाटतंय असं वाटायचं. धूर मात्र खरंच नव्हता. मी घाबरले. मग पातेल्यातल्या आमटीची चव घेतली आणि मान हलवली. म्हणाले, वास लागत नाही रे चुलीचा. (आमटी फक्कड झाली होती. मी रात्री दोनदा घेतली.) सुजीतने ते लगेच फोनमध्ये टिपून ठेवलं. एवढं लक्ष त्याने दहावीत दिलं असतं तर!

तिसरी चूल हमरिया फ्री झोन नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत सापडली, तिकडे शारजाच्याही पलीकडे. तिथे जमालभाईंचं वर्कशॉप आहे. गाव रत्नागिरी, इथे पस्तीस वर्षं. हॉटेलांच्या चिमण्या बनवतात. माणूस मोठा उत्साही आणि बोलका. सुजीतने मराठीतून "आईला चूल हवी आहे" म्हटलं आणि जमालभाईंचे डोळेच भरून आले. त्यांनी कामगारांना थांबवलं, चहा मागवला आणि मला सांगितलं, बाय, तुमच्यासाठी अशी चूल करतो की शेजारच्याला कळणार पण नाही. दुहेरी भिंत, खाली भोकं, वर भोकं, डोक्यावर तव्याला बैठक, मागे लहानशी चिमणी. धूर येणार नाही, इन्शाल्ला. सुजीत म्हणाला, इन्शाल्ला नको, टक्केवारी सांगा. त्यावरून दोघांचं अर्धा तास चाललं. शेवटी जमालभाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं की माझ्या आईने चुलीपाशी डोळे घालवले, तुमच्या आईचे जाणार नाहीत. सुजीतने टक्केवारीचा नाद सोडला. मला मात्र तिथे फार अवघडल्यासारखं झालं. परतीच्या वाटेवर दुबईतल्या कराम्यात थांबून ज्वारीचं पीठ घेतलं. मीच निवडलं, नाही म्हणायला जागाच नव्हती.

आता उरलं लाकूड. इथे थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकून राहतात, म्हणून बाजारात सरपणाच्या मोळ्या मिळतात. सुजीत म्हणाला, चूल कितीही चांगली असो, लाकूड ओलं असेल तर धूर होणारच. हे वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवलं. त्याच दुपारी तीन-चार ढलप्या वॉशिंग मशीनमागच्या बादलीत बुडवल्या आणि संध्याकाळी पुसून मोळीत सारल्या. मला काय माहीत की लाकडाचा ताप बघायचंही यंत्र असतं! दोन सुया असतात, त्या लाकडात टोचायच्या, लाकूड किती ओलं त्याचा आकडा दिसतो. सृष्टी डॉक्टरीणबाईंसारखी एकेक ढलपी तपासत होती. माझ्या ढलपीपाशी आल्यावर किंचाळली, "बाबा, धिस वन हॅज टेकन अ बाथ!" सुजीत दुकानदारावर चिडला आणि ढलप्या एसीच्या बाहेरच्या यंत्रापुढे वाळत घातल्या. त्या बिचाऱ्या दुकानदाराची मी मनात माफी मागितली.

काल परीक्षा होती. कंपाउंडचे मॅनेजर लेबनॉनचे, सूट-बूटवाले, स्वतः बघायला आले. त्यांचं म्हणणं एकच, "हबीबी, नो स्मोक, नो प्रॉब्लेम." मुश्ताक नळकांडं घेऊन सावधानमध्ये उभा. शेजारीपाजारी कुंपणापाशी. जमालभाई सहकुटुंब आले होते, बारशाला यावं तसे, खजुरांचा डबा घेऊन. सुजीतने जाड लाकडं खाली, बारीक काटक्या वर रचल्या आणि जाळ वरून लावला. मी देवाचं नाव घेतलं. काय मागत होते ते लिहीत नाही. वन्सं, धुराचा एक धागा निघाला नाही. चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा थरथरत होती. जमालभाईंनी सुजीतला मिठी मारली. आणि मग सगळे माझ्याकडे वळले. म्हणजे भाकरी.

त्या चुलीचा जाळ म्हणजे साधासुधा नाही. मी पहिली भाकरी थापली (आकार श्रीलंकेचा), तव्यावर टाकली, पाणी फिरवायला वाटी उचलेपर्यंत खालून काळी ठिक्कर. आणि धूर! असा धूर की मॅनेजरसाहेब सुटासकट खोकायला लागले. तो खिडकीतून आत शिरला, घरातला भोंगा वाजायला लागला, आणि मुश्ताक "अम्माजी, पीछे!" म्हणून त्या भाकरीवर नळकांडं रिकामं करून मोकळा झाला. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, सुटले, नापास. पण मॅनेजर शांतपणे चुलीभोवती फिरले, चिमणीत वाकून बघितलं, खालची भोकं तपासली, आणि निकाल दिला की धूर भाकरीचा आहे, चुलीचा नाही. चूल मंजूर. वर मला म्हणाले, मॅडम, प्रॅक्टिस.

तवा धुऊन, चूल पुन्हा पेटवून मी दुसरी भाकरी केली. ती एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने कच्ची. सुजीतने ती पिठल्याबरोबर सगळी खाल्ली. मधे एकदा डोळे मिटले. म्हणाला, चुलीची चव वेगळीच असते, आई. उद्या व्हिसाच्या कामाला लागतो म्हणतोय.

असं आहे सगळं. स्वतःला जपा. गुडघ्यावर जोर देऊन शेवग्याच्या शेंगा काढू नका, खालच्या पोरांना सांगा.

तुमची,
स्वतःच्याच चुलीपाशी अडकलेली
प्रमिला

ता. क. खरं काम राहिलंच. सुजीतला एक फोन करा आणि सांगा की वहिनीशिवाय माझं चालत नाही, तिला पाठवून दे. गुडघ्याचं सांगा, पण ऑपरेशन म्हणू नका, तो रिपोर्ट मागेल. आवाज जरा खोल काढा. आणि भाडेकरू यायच्या आत करा, वन्सं, हात जोडते. नाहीतर मी कायमची इथे भाकऱ्या जाळत बसणार.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायचं होतं, तेवढ्यात सुजीत उठून आला आणि माझ्याजवळ बसला. म्हणाला, आई, तुला चूल येत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, मग हा सगळा खटाटोप कशाला केलास? तर म्हणाला, बाबा गेल्यापासून तू काहीतरी हवं म्हणालीस ते पहिल्यांदाच, मग ते काय आहे हे मी बघत बसलो नाही. वन्सं, मला रडूच फुटलं. आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं की मला चूल नको रे, मला घरी जायचंय. त्याने माझ्या हातातलं पाकीट घेऊन बाजूला ठेवलं. मग म्हणाला, सरळ सांगायचं होतंस. मी म्हटलं, तू विचारलं होतंस कुठे, तू तर कळवलं होतंस. त्याने माझ्यासमोर भाडेकरूला नको म्हणून फोन केला. आवाज साधा होता, पण फोन ठेवल्यावर उगाचच किती वेळ चष्मा पुसत बसला. ठरल्याप्रमाणे माझं परतीचं तिकीट आहेच. तेव्हा वरचा ता. क. वाचू नका. वाचला असेल तर फोन करू नका. केला असेल तर आवाज नेहमीसारखा ठेवा.

ता. क. तिसरा, आणि हा महत्त्वाचा. चूल कार्गोने तुमच्या पत्त्यावर निघते आहे. इथे तिला कुणी वापरणार नाही, आणि जमालभाईंना ती परत द्यायची म्हणजे त्यांचं मन मोडायचं. माझ्या साताऱ्याच्या सोसायटीतही धुराला बंदी आहे, आणि चूल बिनधुराची असली तरी माझी भाकरी नाही, तेव्हा परड्यात जागा करून ठेवा. जड आहे, दोन माणसं लागतील. सुजीत सगळ्यांना घेऊन मे महिन्यात येतोय आणि म्हणतो, आत्याच्या परड्यात आईच्या हातची भाकरी खायची. मी त्याला हो म्हणून बसले आहे. या वेळी खरंच मनापासून म्हटलंय. तेव्हा मी आले की दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे येते. मला भाकरी शिकवा.